खांद्यावरून मैदानाबाहेर

मेलबर्नला लेकीकडे गेले होते, तेव्हा जावई आम्हाला बायकांचा फुटबॉल दाखवायला घेऊन गेले. लंबगोल चेंडूचा, हातापायांनी खेळायचा, तिकडचा धसमुसळा खेळ. एका खेळाडूचा तो शेवटचा सामना होता. सोबत माझे व्याही होते. या गृहस्थांना कळत नाही असं जगात काही नाही.

खेळताना त्या खेळाडूच्या भुवईतून रक्त आलं. रक्त थांबेपर्यंत बाहेर बसायचं, असा तिथला नियम. पट्टी बांधून ती पुन्हा आत धावली.

"इतकी वर्षं खेळून मिळवलं काय हिनं? गुडघे तेवढे घालवले!" म्हणत व्याह्यांनी बायकोपुढे कप धरला. विहीणबाई गुडघ्यावर हात दाबत उठल्या आणि थर्मासमधला चहा ओतला. त्यांचे गुडघे ओट्यापाशी उभं राहून गेलेत. ते या माणसाच्या खिजगणतीतही नाहीत.

सामना संपला. दोघी मैत्रिणींनी तिला खांद्यांवर उचललं. निवृत्त होणाऱ्या खेळाडूला असं मिरवत बाहेर न्यायची तिथली रीत. पट्टीखाली ती हसत होती. सगळं मैदान उभं राहिलं, विहीणबाईसुद्धा, टाळ्या वाजवत.

"काय हा तमाशा! बाईला कोणी खांद्यावर घेतं का?" व्याही बसल्याबसल्याच म्हणाले.

घेतात की. आपल्याकडेही घेतात, तिरडीवरून. आणि तेव्हा "फार केलं हो तिनं" म्हणत सगळ्यांत मोठ्यानं रडायला हेच पुढे असतात.