नांगीत सापडलेलं बोट

या परक्या शहराच्या बाजारात आज एका मासेवालीचं बोट खेकड्याने धरलं. तिने हात हिसकला नाही. हात तसाच पाण्याच्या टबात बुडवून उभी राहिली, आणि थोड्या वेळाने नांगी आपोआप सुटली.

मला आमचा ओढा आठवला. आठवीत माझी शाळा सुटली, तेव्हा आत्याने मला खेकडे धरायला नेलं होतं. पहिल्याच बिळात हात घातला आणि नांगी बसली. मी हात ओढायला लागले, तशी आत्या डाफरली, "हिसकू नको गं भवाने! बोट तुझं जाईल, त्याचं काय जातंय? पाण्यात धर हात. त्यालाही सुटायचंच असतं."

"आणि नाही सुटला तर?"

"मग दोघांना एकाच रश्श्यात घालते."

रडता रडता हसू आलं, आणि हसताना हात थांबला.

इथे कारखान्यात जीव रमत नाही. आज तर पिशवी भरून गावाकडच्या गाडीसाठी निघालेच होते. बाजार वाटेतच लागतो. आत्या, पिशवी घेऊन खोलीवर परत आलेय. नांगी अजून सुटलेली नाही. हात तेवढा पाण्यात धरलाय.