माटोळीतला शेजाऱ्याचा आंबा

मत्सर हा माझा जुना आणि निष्ठावान सोबती. केस गेले, दोन दाढा गेल्या, तो मात्र राहिला. आणि दरवर्षी चवथ जवळ आली की त्याला नवी पालवी फुटते.

कारण शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा आहे, बाकी काही नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळंफुलं बांधतात, ती माटोळी. आमच्या गावात तिची स्पर्धा असते आणि पहिलं बक्षीस दरवर्षी गडग्यापलीकडे जायचं. हा गृहस्थ पूर्वी सुर्ल आणि पाळीच्या खाणींवरून खनिजाचा ट्रक हाकायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबला आणि हा डोंगरात शिरला. मी डिचोलीच्या माटोळी बाजारात घासाघीस करून काकडी, तोरिंगण म्हणजे पपनस, आणि सुपारीचा घोस आणतो. तो खांद्यावर गोणपाट टाकून निघतो आणि स्वतःचं नाव स्वतःलाच ठाऊक नसेल अशी रानफळं घेऊन परततो.

"त्यांची माटोळी म्हणजे रान," बायको एकदा म्हणाली, "आणि आपली म्हणजे बाजार."

प्रेमानेच म्हणाली. प्रेमाने सांगितलेलं खरं जास्त झोंबतं.

गेल्या वर्षी मी ठरवलं, बाजार तर बाजार, पण साऱ्या जगाचा. मुलीने मोबाइलवर एक यादी काढून दिली होती: कुठल्या देशाचं राष्ट्रीय फळ कुठलं. मी ती वाचली आणि पाटावरून उठून उभा राहिलो. राष्ट्रांची माटोळी! प्रत्येक फळाखाली त्या त्या देशाच्या नावाची चिठ्ठी. शेजाऱ्याला डोंगर माहीत आहे, अझरबैजान थोडंच माहीत आहे?

डाळिंब त्या अझरबैजानचं. पपई मलेशियाची, केळी कंबोडियाची. अननस अँटिग्वाचा, हा देश कुठे आहे ते मला अजून माहीत नाही, पण चिठ्ठी सुंदर अक्षरात लिहिली. फणस बांगलादेशाचा, भाद्रपदात फणस कुठला मिळायला, म्हणून मी नीरफणस टांगला आणि बांगलादेशाची मनातल्या मनात माफी मागितली. केवण या रानझुडपाच्या सालीच्या दोऱ्यांनी सगळं घट्ट बांधलं. मधोमध, गणपतीच्या बरोबर वर, भारताची चिठ्ठी लावली आणि तिच्यावर टांगायला आंबा घ्यायला वळलो.

आंबा.

सारं जग गोळा करताना मी एवढंच विसरलो होतो की आपल्या देशाचं फळ मे महिन्यात येतं आणि आपली चवथ भाद्रपदात. शिवाय त्याच यादीत आंबा पाकिस्तानचा आणि फिलिपिन्सचाही होता. म्हणजे एका आंब्यावाचून तीन देश उपाशी.

"आमरसाचा डबा टांगूया?" बायकोने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आता सांगायलाच हवं की तालुक्यात एक आंबा होता. गडग्याच्या पलीकडे. शेजाऱ्याचं एक झाड अवकाळी धरतं आणि त्या वर्षी त्याच्या शेंड्याला एकच हिरवा, भरलेला आंबा लटकत होता. महिनाभर मी तो रोज सकाळी दात घासताना पाहत होतो. शेजारीही तो स्वतःच्या माटोळीसाठीच राखत असणार.

चवथीच्या आदल्या दुपारी तो डोंगरात गेला. मी आंबे काढायची जाळीची काठी घेऊन गडग्याशी गेलो. नुसता अंदाज घ्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. टाचा उंचावल्या, हात ताणला, तोच मागच्या दारातून त्याची बायको बाहेर आली.

"भावजी, काठी पावची ना," ती म्हणाली. "शिडी दिवूं?"

"कावळा हाकलत होतो, वहिनी."

"आंबो हिरवो आसा. कावळो खायना." आणि ती कपडे वाळत घालायला लागली.

मी काठी पाठीमागे लपवत घरी आलो. बारा फुटांची काठी किती लपते ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी शेजारी स्वतः आला. पायाला चिखल आणि हातात दोन पानांसकट आंबा.

"बायल सांगता तुका कावळे त्रास दितात," तो म्हणाला. चेहरा अगदी गंभीर. मग माझी चौकट बघत एकेक चिठ्ठी वाचत गेला. नीरफणसापाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकला. मोकळ्या दोरीला त्याने स्वतःच्या हाताने आंबा बांधला.

"तुझ्या माटोळीला नको?"

"म्हजे माटोळेंत रानाचेंच शोभता. हो देशाचो मान."

पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षकांनी माझी पाठ थोपटली. पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा मान वर करून एकच विचारी, "भाद्रपदात आंबा? मिळाला कुठे?" खोटं बोलायची सोय नव्हती, वहिनी आरतीला समोरच उभ्या असत. मग पाहुणे माझा प्रसाद तोंडात टाकत आणि गडगा ओलांडून ते झाड बघायला जात. मये गावाहूनसुद्धा माणसं आली. पलीकडे त्यांना चहा मिळे, फोटो निघत, आणि मी जगातल्या राष्ट्रांसोबत एकटा बसून राही.

पाचव्या दिवशी विसर्जन करून माटोळी उतरवली. आंबा मी त्यालाच परत दिला. त्याने आमच्या ओसरीवर बसून तो चिरला आणि सगळ्यांना एकेक फोड वाटली.

आंबट! चिंचेने पाया पडावं इतका आंबट. साऱ्या ओसरीचे डोळे मिटले, तोंडं वाकडी झाली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिवाला थंडावा मिळाला. मी दुसरी फोड मागून घेतली.

तेवढ्यात बायकोने जीभ टाळ्याला लावली, विचार केला आणि शेजाऱ्याकडे वळली.

"भाऊ, लोणच्याला असाच आंबा पाहिजे. पुढच्या वर्षी झाडाला जेवढे लागतील तेवढे आम्हालाच द्या."