फूटपट्टीबाईंची भाची

सैन्यभरतीच्या कार्यालयात उमेदवारांची उंची आणि वजन मोजणाऱ्या बाईंना सगळे फूटपट्टीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्याचं वाईट वाटत नसे. आपल्या हाताखालून गेल्याशिवाय देशाला एक शिपाई मिळत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा सेंटिमीटरही उसना दिला नव्हता. कुणी टाचा उचलल्या, तर बाई चष्म्यावरून नुसतं बघत आणि टाचा आपोआप खाली येत.

त्यांच्याकडे बहिणीची मुलगी राहायची. लिफ्ट दुरुस्त करायचं काम, उंची चांगली, मनगट दणकट. आपल्या मोजपट्टीखाली न आलेली एवढी उंच मुलगी रोज समोर बसून जेवते, हे बाईंना सहन होत नसे.

"अगं, तू सैन्यात शोभशील. इथे काय, वाया जातेयस."

"मी आठव्या मजल्यावर लोंबकळत असते मावशी. वाया कुठे जातेय?"

त्या वर्षी सरावात एक तात्पुरता पूल कोसळला आणि अकरा शिपाई जखमी झाले. संरक्षणमंत्री टीव्हीवर म्हणाले, शिपायांनी नियम पाळले नाहीत. आठवड्याभरात वेगळंच बाहेर आलं. पुलाचे सांधे कच्चे आहेत, असं पत्र एका इंजिनिअरने आधीच पाठवलं होतं. मंत्री म्हणाले, पत्र मिळालंच नाही. मग म्हणाले, मिळालं, पण वाचलं नाही. नंतर त्यांचा घसा बसला.

भरतीची रांग आटली. कार्यालयाचे प्रमुख मेजरसाहेब यांनी नवी पोस्टरं लावली, दारात बँड उभा केला, फुकट टोप्या वाटल्या. टोप्या संपल्या, उमेदवार काही आले नाहीत. एक गृहस्थ तेवढे जिना चढून आले, वजन करून घेतलं, दोन किलो उतरलं म्हणून खूश झाले आणि आभार मानून निघून गेले.

"हल्लीची पिढी भित्री झालीय," बाई जेवताना म्हणाल्या.

भाचीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला भीती नाही वाटत गं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरते ना, तेव्हा वर बटणापाशी कोण उभं आहे ते आधी बघते. तो माणूस भरवशाचा नसेल तर नाही उतरत. काही झालं तर तो उलट मलाच म्हणणार, हिने नियम पाळले नाहीत."

बाईंनी भाजीत मीठ कमी असल्याचं जाहीर केलं.

पुढे त्या मंत्र्यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. पहिल्याच भाषणात त्यांनी इंजिनिअरचं पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. "चूक मंत्रालयाची होती, शिपायांची नव्हती," असं म्हणाल्या. तसले सगळे पूल वापरातून काढले आणि अकराही जणांच्या घरी स्वतः जाऊन आल्या.

"संपलं," फूटपट्टीबाई मेजरसाहेबांना म्हणाल्या. "चव्हाट्यावर कबूल करायचं असतं का असं? आता चिटपाखरू फिरकणार नाही."

पुढच्या सोमवारी रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली होती. बाईंना वाटलं, पुन्हा टोप्या आल्या असाव्यात. पहिल्याच उमेदवाराला त्यांनी विचारलं, "पूल पडला होता, ठाऊक आहे ना?"

"हो. मंत्रीणबाईंनीच सांगितलं की."

त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितलं, की बाई त्याचं वजन लिहायचं विसरल्या.

अकराच्या सुमारास भाची समोर उभी राहिली. घरी चकार शब्द बोलली नव्हती.

"बूट काढ," बाई म्हणाल्या.

एकशे बहात्तर. बाईंनी पट्टी वर नेली, पुन्हा खाली आणली. एकशे बहात्तर. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी डोक्यावर जरा जास्तच दाबली. किमान उंचीपेक्षा पोरगी चांगली वीस सेंटिमीटर वर होती, दाबून दाबून किती दाबणार?

"मावशी, मान मोडेल."

"सरळ उभी राहा. वाकतेयस तू."

"मी वाकत नाहीये. तूच दाबतेयस."

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी चष्मा पुसला, मग उगाचच पुन्हा पुसला आणि आकडा लिहिला, खरा तोच.

भाची पूल बांधणाऱ्या तुकडीत गेली. एकदा पत्रात तिने लिहिलं, की आपण सांध्यांबद्दल शंका काढली म्हणून वरिष्ठाने काम दोन दिवस थांबवलं, ओरडला नाही. फूटपट्टीबाईंनी ते पत्र मेजरसाहेबांना वाचायला दिलं आणि दोन दिवस परत मागितलं नाही, कारण ते आणखी कुणाकुणाला दाखवतील अशी त्यांना खात्री होती. मंत्रीणबाईंचं टीव्हीवर भाषण असलं की त्या आता मेजरसाहेबांनाही बोलू देत नाहीत. पूर्वीच्या मंत्र्यांचं भाषण चालू असताना त्या स्वेटर विणत.