बायजाबाईच्या चुलीमागची नदी

निडी गावाच्या वरच्या डोंगरात वाकडी नावाची एक लहानशी नदी उगवते. अकरा किलोमीटर वाहते, वालाच्या शेतांतून दोन वळणं घेते आणि खाडीला मिळते. बायजाबाईचं घर दुसऱ्या वळणापासून तीनशे पावलांवर. पण नव्या सरकारी नकाशात नदी थेट तिच्या स्वयंपाकघरातून गेली होती.

गेल्या मार्गशीर्षात हर्षद नावाचा मोजणीवाला रंगाचा डबा घेऊन आला आणि चुलीमागच्या भिंतीवर फुटाच्या खुणा रंगवू लागला.

“बाबा, नदी तिकडं हाय,” बायजाबाई म्हणाली.

“खरंय आजी. पण नकाशात ती इथं आहे. दुरुस्तीचा अर्ज वरती जाईल. तोवर रोज सकाळी पाणी किती ते तुम्ही आमच्या कार्यालयाला फोनवर सांगायचं.”

बायजाबाई साठी उलटलेली, एकटी राहणारी, खोटं बोलायची सवय नसलेली. रोज भिंत बघून ती सांगायची, “शून्य.” सव्वा महिना शून्य ऐकल्यावर कार्यालयानं वाकडी आटल्याचं जाहीर केलं आणि पात्रातला गाळ काढायला जेसीबी धाडला. तो अंगणात येऊन उभा राहिला. चालकानं कागद दाखवला. तीन मीटर खोल खणायचं होतं.

बायजाबाई आत गेली आणि तिनं फोन लावला. “चार फूट,” ती म्हणाली.

जेसीबी परत गेला. दुपारी पुराचा इशारा आला. भर माघात, कोरड्या रस्त्यानं, अख्खं गाव शाळेत हलवलं. तिथं सगळ्यांना खिचडी मिळाली. शेजारीण शकू बायजाबाईकडे निरखून बघत म्हणाली, “तुझ्या घरात चार फूट पाणी, मग तू सुकी कशी गो?”

बायजाबाईनं पंगतीवरून नजर फिरवली. तिच्या एका शब्दापायी दोनशे माणसं पंगतीला बसली होती. आता खरं सांगावं, तर घर खणलं जाणार.

घरी आल्या आल्या तिनं निळं पिंप चुलीमागं भिंतीला टेकवलं. वाकडीवरून आठ हंडे आणून त्यात ओतले. पाणी दीड फुटाच्या खुणेला लागलं.

“दीड फूट,” दुसऱ्या सकाळी तिनं न चाचरता सांगितलं. “नदीचंच पाणी हाय.”

मग ते रोजचंच झालं. पाणी बोटभर उतरलं तर ती बोटभर कमी सांगे, मग हंडा भरून आणी.

वैशाखात हर्षद आला. त्यानं पिंपातून नमुन्याची बाटली भरून घेतली.

“नदी एवढी स्वच्छ कशी, आजी?”

“झाकून ठेवते मी तिला.”

त्यानं ते लिहून घेतलं. मग पिशवीतून कागद काढला. नकाशा दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला होता. तिनं सही केली की नदी आपल्या जागी जाणार होती.

“आन् तिकडं रोज कोण बघंल तिला?”

“कुणी नाही. तिथं भिंतच नाही ना.”

बायजाबाईनं कागद त्याच्याकडे सरकवला. “मग राहू दे हितंच.”

हर्षदनं कागद घडी घालून ठेवला आणि चहा मागितला. चहासाठी तिनं पिंपातलं पाणी न घेता माठातलं घेतलं.