चार रुपयांचं लिंबू

"बाई, काहीही करा, पण ते पोर पटावर आणा," केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे आमचे साहेब. पट म्हणजे शाळेतली मुलं. आमचा पट होता नऊ. दहा झाला तर शाळा राहणार होती, नाहीतर तिचं 'समायोजन' होणार होतं. समायोजन म्हणजे शाळेला कुलूप, फक्त ऐकायला बरं वाटतं. मग आमच्या मुलांनी व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडच्या गावात शिकायला जायचं. पावसाळ्यात त्या व्हाळात कुणी गुरंसुद्धा घालत नाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनवहिनींनी तर मला दारातच अडवलं. "बाईनू, त्या चेडवाक हाडाच. शाळा गेली तर माजो टोप पन गेलो."

चेडू म्हणजे मुलगी, हाडाच म्हणजे आणाच. ओवी तिचं नाव, वय सहा. तिचे आईवडील, सायली आणि निखिल, पुण्याहून येऊन आमच्या वाडीत होमस्टे चालवत होते. मुलीला शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, असा त्यांचा निश्चय होता. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला हे तोंडावर सांगताना निखिल फार नम्र होता.

"आम्ही चाइल्ड-लेड लर्निंग करतो," तो म्हणाला. "काय शिकायचं ते ओवी ठरवते. आम्ही फक्त फॅसिलिटेट करतो."

फॅसिलिटेट म्हणजे मुलामागे ताट घेऊन फिरणं, असा मी अर्थ लावला. सायली त्या वेळी तेच करत होती.

मुलीला काही येत नसावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. शिक्षिकेला असं मागणं शोभत नाही, पण पट नऊ होता. देवाने ऐकलं नाही. ओवीने माझ्या पिशवीवरचं पतसंस्थेचं नाव जोडाक्षरांसकट वाचलं. आमच्या तिसरीतला एक वीर अजून 'ज्ञ' दिसला की वळसा घालून पुढे जातो.

"आणि हे तिचं दुकान," निखिल म्हणाला. "व्यवहारज्ञान. खरे पैसे वापरतो आम्ही."

पडवीत पाटावर परसातली लिंबं, शिंपले आणि करवंटीच्या पळ्या मांडल्या होत्या. प्रत्येकावर तिच्याच अक्षरातली किंमत. पन्नासच्या नोटेतून बारा गेले तर किती, हे तिने माझ्या आधी सांगितलं. मी पिशवी उचलली. निघता निघता रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी म्हटलं, "एक लिंबू दे गो."

"पाच रुपये."

"तीन देईन."

ओवीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लिंबावरच्या चिठ्ठीकडे, मग बापाकडे. "बाबा, या कमी देतायत."

"किंमत लिहिलीये ना, ती वाचून दाखव त्यांना," निखिल म्हणाला.

तिने वाचून दाखवली. मी म्हटलं, "वाचलं. तीनच देईन." आणि चपला घातल्या.

आमच्याकडे बाजारात सांगितलेल्या भावात मासे घेतले तर विकणारीलाच चुकल्यासारखं वाटतं. पण ओवीच्या दुकानातून आजवर एकही गिऱ्हाईक उठून गेलं नव्हतं. जाणार कुठे, स्वयंपाकघरात? सहा वर्षांची पोर रोज दुकान थाटून बसते आणि गिऱ्हाइकं दोनच, तीही न भांडता पैसे देणारी. मला तिचं खरंच वाईट वाटलं.

मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली. "थांबा. चार."

मी परत फिरले. चार रुपये मोजून घेताना तिचा चेहरा असा फुलला होता की मलाच पाच द्यावेसे वाटले. दिले नाहीत.

"उद्या पण याल?"

"मला शाळा असते."

"शाळेत अजून कोण असतं?"

"नऊ मुलं. सगळी कमीच मागणारी."

ओवी उभी राहिली. "बाबा, मला शाळेत जायचंय."

निखिल शाळेतली शिस्त, तास, घंटा असं काहीसं समजावू लागला. ओवी म्हणाली, "पण मी ठरवते ना?" त्याने आशेने बायकोकडे पाहिलं.

सायलीने ताट खाली ठेवलं. "तीच ठरवते, निखिल. आज सकाळपासून सहा लिंबं मी घेतलीत."

सोमवारी ओवी पिशवीभर लिंबं घेऊन शाळेत आली. मधल्या सुट्टीत चौथीतल्या प्राचीने तिला ऐकवलं, "दोन रुपयांक दी, नायतर ऱ्हवांदे तुज्याकडेच." महिन्याभरात निखिल तक्रार घेऊन आला. "बाई, ती आता दूध पितानासुद्धा घासाघीस करते. अर्धा पेला म्हणते, परवडना नाय म्हणते."

"व्यवहारज्ञान," मी म्हटलं.

केंद्रप्रमुखांना वर रिपोर्ट पाठवायचा होता. "पालकांचं प्रबोधन कसं केलंत, तेवढं सांगा."

"प्रबोधन नाही केलं, सर. एक लिंबू घेतलं. चार रुपयांना."

साहेब ऑफिसची भाषा बाजूला ठेवून म्हणाले, "च्यार? बाईनू, तिनाक गावला असता."

मिळालं असतं, मलाही ठाऊक होतं. पण तीनला घेतलं असतं तर ती पोर हरली असती, आणि हरलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही.