वॉल्टरचे बूट

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन व्हिटबीतल्या माझ्या लाडक्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात गेले... तिथूनच आणलेले बूट परत द्यायला. खरं सांगू, मला अगदी रडू येत होतं.

थोडं मागचं सांगते. बाबा सांगलीला शाळेत पीटीचे सर होते. रिटायर झाल्यावरही रोज पहाटे आईला घेऊन कृष्णाकाठी फिरायला जायचे. गेल्या वर्षी आई गेली आणि बाबांचं फिरणंच संपलं.

मी बळेबळे त्यांना इकडे परदेशात माझ्या घरी आणलं, तर दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. संध्याकाळ झाली की एकच पालुपद, "माझं परतीचं तिकीट बघ गं." तिकडे त्या रिकाम्या घरात हे एकटे... मी तिकिटाचा विषयच टाळायचे.

म्हटलं, यांना एकदा जवळच्या लेकच्या काठाने जाणाऱ्या ट्रेलवर चालतं केलं की होतील पूर्वीसारखे. पण बर्फात सांगलीच्या कॅनव्हासच्या बुटांनी कसं चालणार? नवे घ्यायला मॉलमध्ये नेलं, तर किंमत बघून आल्या पावली बाहेर!

मग मी थ्रिफ्ट स्टोअर गाठलं. नवरा चिडवतो, "निघाल्या मोहिमेवर!" चिडवू दे. आमच्या घरातलं अख्खं विंटर तिथूनच आलंय... डाउन जॅकेट्स, स्नो पँट्स, लेकीचे स्केट्स. चेन वरखाली करून बघायची, शिवणी तपासायच्या, बुटाचा सोल वाकवून बघायचा. नजर सरावली की एकेक खजिना सापडतो हो.

आणि त्या दिवशी शेल्फवर लेदरचे हायकिंग बूट! बाबांच्याच मापाचे, इतके जपून वापरलेले की मी नाचायचीच बाकी होते.

घरी येऊन ठोकून दिलं, "सेलमध्ये मिळाले." पण आयुष्यभर पोरांना पळवणाऱ्या माणसाला काय फसवणार मी, कप्पाळ! बाबांनी दोन्ही बूट उलटे करून टाचांची झीज बघितली. "हा गृहस्थ उजव्या पायावर भार देऊन चालायचा. कुणाचे आणलेस गं?"

झालं. दुसऱ्याच्या पायातलं आपण घालत नाही, विषय संपला. मी परत द्यायला निघाले तेव्हा मात्र बाबा स्वतःच गाडीत येऊन बसले. दुकानाशी पोचल्यावर "तूच पटकन ठेवून ये" म्हणत होते, मीच त्यांना आत नेलं.

काउंटरवर नेहमीच्या व्हॉलंटियर आजी होत्या. बूट बघून त्यांचा चेहरा उतरला. "बसले नाहीत का गं?" म्हणाल्या, आणि बुटांवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचे आहेत हे. वॉल्टरचे. तो गेल्यापासून दाराशीच होते... आत्ता कुठे द्यायचा धीर केला."

मी मनात म्हटलं, आता तर संपलंच! आधी नुसते दुसऱ्याचे होते, आता गेलेल्या माणसाचे. बाबांना हे सांगू की नको, मला कळेना. पण त्यांना 'हजबंड' हा शब्दही कळला होता आणि आजींचे भरलेले डोळेही.

"गेले का ते?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. बाबा तिथल्या स्टुलावर बसले आणि पायातले कॅनव्हासचे बूट काढायला लागले.

"अहो बाबा, काय करताय?"

"तेराव्याला आपण चपला-छत्री कशाला देतो? गेलेल्याचे पाय पुढच्या वाटेवर पोळू नयेत म्हणून ना? मग दिलेलं कुणी वापरलंच नाही, तर ते त्याला पोचायचं कसं? या बाईंनी दान दिलंय. दान परत करतात होय?"

बाबांनी आजींकडे बघून आपल्या इंग्लिशमध्ये सांगितलं, "आय वॉक." मग वॉल्टरच्या बुटांकडे बोट करून, "ही ऑल्सो वॉक."

आजींना किती कळलं देव जाणे. त्या काउंटरमागून बाहेर आल्या, बाबांसमोर खाली बसल्या आणि लेस घोट्याभोवती एक वेढा देऊन बांधून दाखवली... वॉल्टर अशीच बांधायचा म्हणे. मी बाजूला जाऊन डोळे पुसले.

तिथून थेट लेकवर गेलो. बरंच चालून झाल्यावर बाबा थांबले. "तुझ्या आईच्या निळ्या सँडल दिल्या होत्या ना तेराव्याला... नव्याकोऱ्या होत्या गं. वर्षभर मला वाटायचं, पडल्या असतील कुठेतरी माळ्यावर. आज वाटतंय, घातल्या असतील कुणीतरी."

रविवारी सकाळी मी चहा ठेवत होते, तर बाबा बूट घालून दारात उभे. "चल लवकर, वॉल्टर खोळंबलाय!" तिकिटाचं नावसुद्धा काढलं नाही.

तिकडे सांगलीत कुणाच्या पायात माझ्या आईच्या निळ्या सँडल असतील, तर... भरपूर चाला हो. तिला फिरायला फार आवडायचं.