हातभर अंतर

मला गोल्फ खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. बारा वर्षं मी रायपूरच्या एका गोल्फ क्लबात स्पर्धा लावल्या, निकाल काढले, भांडणं सोडवली. पण स्वतः काठी हातात धरली असेल तर दोनदा, आणि दोन्ही वेळा माती पुढे गेली, चेंडू जागेवरच राहिला. त्याआधी मी शाळेत पी.टी. शिकवायचे. खो-खोच्या पोरींना उन्हात उभं करून 'फाऊल म्हणजे फाऊल' असं ओरडण्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली. वडील रेल्वेत, वर्ध्याकडून आलेले. घर चौबे कॉलोनीत. मग राज्य नवं झालं, भोपाळहून साहेबलोक आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे शौक आले. तेलीबांध्याच्या पुढे, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, नऊ होलचं मैदान तयार झालं. तिथे शिस्त लावणारं कोणीतरी हवं होतं. आमच्या शाळेचे एक ट्रस्टी क्लबच्या कमिटीवर होते, त्यांनी माझं नाव सुचवलं. बहुतेक शाळेची माझ्यापासून सुटका करायची असेल.

काम मला आवडलं. महिन्यातून एका रविवारी स्पर्धा. कोण कोणाबरोबर खेळणार, त्या चौकड्या मी पाडायच्या, कार्डं वाटायची, सकाळी भोंगा वाजवायचा आणि दुपारपर्यंत फळ्यावर निकाल लावायचा. शिवाय सभासदांच्या घरच्यांसाठी काही ना काही. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला तंबोला, हरेली या पावसाळ्यातल्या इथल्या शेतकरी सणाला पोरांची गेडीची शर्यत. गेडी म्हणजे बांबूचे उंच पाय. पहिल्याच वर्षी पोरं त्या पायांवर थेट होलभोवती नाचली आणि तेल कालवून बसवलेली सगळी रेती उकरून ठेवली. तेव्हा आमच्याकडे होलभोवती गवत नव्हतं, अशी रेतीच असायची, आणि ती फळीने सारखी करावी लागायची. कमिटीने मला झापलं. मी पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत लावली, फक्त गाड्या उभ्या करायच्या जागेत.

आता मुद्द्याचं. चेंडू होलमध्ये पडेपर्यंत मारायचा आणि प्रत्येक टोला मोजायचा, एवढाच हा खेळ. पण चेंडू होलच्या अगदी तोंडाशी आला की सोबतचा म्हणतो, 'उठा लीजिए.' म्हणजे आता काय, पडणारच आहे, एक टोला धरा आणि उचला. दोस्तीतल्या सामन्यात हे चालतं. आमच्या रविवारच्या स्पर्धेसारखे जिथे एकूण टोले मोजून नंबर काढतात, तिथे मात्र शेवटचा टोलासुद्धा मारावाच लागतो. नाही मारला तर खेळाडू बाद. नियमांचं पुस्तक मी तोंडपाठ केलं होतं. आमच्या क्लबात मात्र दुसरंच पुस्तक चालायचं. चेंडू किती लांबून उचलायचा, ते माणसाच्या पदावर ठरे. व्यापाऱ्याला वीतभर, डॉक्टरला हातभर, खात्याच्या मोठ्या साहेबांना दोन-तीन हात. एकदा एका बड्या साहेबांच्या चेंडूच्या आणि होलच्या मध्ये एक कुत्रं आरामात पसरलेलं होतं, तरी तिघांनी एका सुरात म्हटलं, "उठा लीजिए, सर!" मी कमिटीसमोर दोनदा तक्रार केली. "दीदी, ये खो-खो नहीं है," असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला.

या सगळ्या साहेबांत एक साहेब माझ्याशी मराठीत बोलायचे. यवतमाळकडचे, एका खात्यात मोठे इंजिनिअर. अधिकाऱ्यांत असा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. कार्ड वेळेवर द्यायचे, रेती स्वतः फळीने सारखी करायचे, हरल्यावर कारणं सांगायचे नाहीत. त्यांनी 'उठा लीजिए' कधी मागितलं नाही. त्यांना ते मागावंच लागत नव्हतं. त्यांच्या खात्यातली तीन-चार माणसं कायम त्यांच्या चौकडीत असत. त्यांत एक बिलासपूरवाला होता, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कायम हसरा. साहेबांचा चेंडू थांबायच्या आत याचं "सर, उठा लीजिए" तयार. मला तो माणूस बघवत नसे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ पाहिले, पण हा शिडी घेऊनच फिरायचा.

असं करत साहेबांचं हँडिकॅप नऊवर आलं. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी टोल्यांची सूट. आकडा जितका कमी तितका खेळाडू पक्का. नऊ म्हणजे क्लबातल्या पहिल्या पाचांत. कार्डांवरून तो आकडा काढायचं काम माझं. ती कार्डं कशी भरली जातात हे मला ठाऊक होतं, तरी दर तीन महिन्यांनी मी माझ्या हाताने फळ्यावर तो आकडा लिहायचे. साहेब फळ्यासमोर क्षणभर उभे राहत आणि लहान मुलासारखे खूश होत. मी गप्प बसायचे. एवढ्या तोंडाळ बाईला तेवढं मात्र जमलं.

मग साहेब निवृत्त झाले. बंगला सोडून तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये आले. बिलासपूरवाल्याची बदली त्याच सुमारास बस्तरला झाली, आणि बाकीची मंडळी नव्या साहेबांच्या चौकडीत शिरली. पुढच्या स्पर्धेत मी साहेबांना तीन तरुण व्यापाऱ्यांबरोबर टाकलं. भले लोक होते, खेळ नियमाने खेळायचे. पहिल्याच होलवर साहेबांचा चेंडू हातभरावर थांबला. साहेब सवयीने वाकले, हात चेंडूपर्यंत गेला. नेहमीचं 'उठा लीजिए' आलं नाही. मग एकजण हळूच म्हणाला, "अंकल, पहले डाल दीजिए." साहेबांनी मारला, चेंडू होलच्या कडेने पलीकडे गेला. परत मारला, परत चुकला. हे सगळं मला नंतर कळलं. मी पाहिलं ते कार्ड. नेहमी ऐंशीच्या घरात असणारा आकडा एकशे आठ झाला होता. पुढच्या महिन्यात एकशे दहा.

लांबचे फटके साहेब अजूनही झकास मारत. पण हातभर अंतरावरून चेंडू घालायचा सराव त्यांना नव्हताच. इतक्या वर्षांत तो टोला त्यांनी मारलाच नव्हता. लोक मात्र एवढा विचार कशाला करतील? व्हरांड्यात पोहे खाताना कुजबुज सुरू झाली, की साहेब तेव्हा चोरी करत होते. ज्या माणसाने आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही, त्याच्या नावाला खेळात बट्टा लागत होता. त्यातच नागपूरच्या क्लबाबरोबर सामना ठरला, आणि हँडिकॅपच्या जोरावर आमच्या चार जणांच्या संघात साहेबांचं नाव आधीच लागलेलं होतं. त्यांची मुलगी नागपूरला; नातवंडं आजोबांचा खेळ बघायला येणार होती. कमिटीने मला बोलावलं. "दीदी, आप ही समझा दीजिए, नाम वापस ले लें. आप लोगों की भाषा एक है." कुजबुजायला सगळे, आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात साहेबांनीच विचारलं.

"ताई, खरं सांगा. माहे लोक मले काहून उचलू देत होते, हे तुमाले माहीत होतं?"

"होतं, साहेब."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी साहेब होते. मी पगारी बाई. आन् तुमी खूश दिसत होते."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"खेळाचं जाऊ द्या," ते म्हणाले. "मी दुसराच विचार करून राहिलो. जागेवर जायचो मी. कालवा पाहायचो, पूल पाहायचो. सगळे म्हणत, सर, एकदम बढिया. मले वाटे, माह्या हाताखाली काम चांगलं होते. आता रातभर झोप नाही येत. कोनत्या पुलाखाली असंच हातभर राहून गेलं असेल, आन् कोनी मले सांगितलं नसेल? एवढी वर्षं कोनी तरी माह्याशी खरं बोललं का?"

मला स्वतःची लाज वाटली. पोरींना फाऊलसाठी उन्हात उभं करणारी मी, आणि या एका माणसाला खरं सांगायची वेळ आली तेव्हा फळ्यावर खडूने नऊ लिहीत बसले. मी तेच त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग आता सांगा. उद्या सकाळी साडेसहाले या. मले एक चेंडू उचलू देऊ नका."

नागपूरच्या सामन्यातलं नाव त्यांनी स्वतः मागे घेतलं. मुलीला फोन करून कारणही खरं तेच सांगितलं. त्यानंतर दोन महिने, आठवड्यातून तीन सकाळी, मी त्यांच्याबरोबर नऊही होल चालले. मी फक्त मोजायचे. चेंडू बोटभर लांब असला तरी म्हणायचे, "टाका, साहेब." सुरुवातीला त्यांचे निम्मे चेंडू होलच्या कडेवरून निसटायचे. एकदा एका होलवर सहा वेळा चुकले, काठी रेतीत आपटली आणि मला म्हणाले, "तुमी मास्तरीण म्हणून लई खराब असान." मी म्हटलं, "हव, पोरी पन तेच म्हणत." मग दोघंही हसलो. त्या दोन महिन्यांच्या कार्डांवरून मी त्यांचं हँडिकॅप नव्याने काढलं. चोवीस, म्हणजे आमच्याकडे पुरुषाला मिळू शकणारा सगळ्यात वरचा आकडा. फळ्यावर ते लिहायला माझा हात होईना. साहेबांनी माझ्याकडून खडू घेतला आणि नऊ पुसून स्वतः चोवीस लिहिलं. त्यानंतर चोरीची कुजबुज मी ऐकली नाही.

खेळ सुधारला, पण तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. जुन्या खात्यातलं कोणी भेटलं, नमस्कार केला, की साहेब त्याच्या तोंडाकडे असं निरखून पाहत, की समोरचा कावराबावरा होई. मला फार वाईट वाटायचं. निवृत्त माणसाजवळ गेलेली वर्षंच असतात, आणि यांना त्यांतलं एकही वर्ष खात्रीचं वाटत नव्हतं.

वर्षभराने बिलासपूरवाला बस्तरहून परत आला, बढती घेऊन, थेट साहेबांच्याच जुन्या खुर्चीवर. पहिल्याच रविवारी त्याने मला सांगितलं, "दीदी, मुझे सर के साथ डालिएगा." मी मनात म्हटलं, आता काय उरलंय चाटायला? पण टाकलं. त्या दिवशी साहेब असे खेळले, की मी आजही सांगत सुटते. सतरा होल झाले, छोटा टोला एकही चुकला नाही. आमचे नऊच होल, ते दोनदा खेळायचे. शेवटचा व्हरांड्याच्या अगदी समोर. बाकी सगळी कार्डं माझ्या टेबलावर आलेली होती. मी बेरजा करून, प्रत्येकाची सूट वजा करून बसले होते. साहेबांचा चेंडू होलपासून हातभर. हा एवढा पडला, की महिन्याचा कप त्यांचा. त्यांच्या घामाचा, खऱ्या मोजणीचा पहिला कप.

साहेब काठी घेऊन वाकले. आणि बिलासपूरवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, उठा लीजिए."

चौकडीतले बाकी दोघे हसले. साहेब सरळ झाले. हसले नाहीत. "अब क्यों बोलते हो? उस कुर्सी पर तो अब तुम बैठे हो."

बिलासपूरवाला गोंधळला. आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "कुर्सी को कब बोला, सर? मैं तो आपको बोलता था."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्याच निरखून बघण्याने, पण हा कावराबावरा झाला नाही. नुसता टोपी हातात धरून उभा होता. त्या माणसाला मी इतकी वर्षं चमचा समजत आले होते. त्याला आता साहेबांकडून मिळण्यासारखं काहीच नव्हतं.

साहेबांचा हात चेंडूकडे जाताना मी पाहिला आणि खुर्चीतून उठून ओरडले, "साहेब! टाका! उचलू नका!"

त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. नियम आता त्यांनाही माझ्याइतकाच पाठ होता. त्यांनी सावकाश वाकून चेंडू उचलला, खिशात टाकला आणि बिलासपूरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून व्हरांड्यात आले. डोळे भरले होते, आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

"ताई, मले बाद करा."

"एक टोला राहिला होता, साहेब. कप तुमचा होता."

"माहीत हाय मले. करा बाद."

मी कार्डावर लाल पेनने काट मारली. राग यायला हवा होता, पण येत नव्हता. कप एका दातांच्या डॉक्टरांना गेला, आणि सगळ्यात जास्त टाळ्या साहेबांनी वाजवल्या. संध्याकाळी निकाल लावताना मी त्यांच्या नावापुढे 'बाद' लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. शेवटी नियमात असतं तेच लिहिलं, 'होल पूर्ण केला नाही.'